ठकूबाईची बारा पावलं

एका घाटाच्या पायथ्याशी ओढ्याकाठी एक तळ होता. घाट चढणारे लोक आदल्या दिवशी तिथं मुक्काम करायचे. तिथं धर्मशाळा नव्हती, पहारा नव्हता आणि कुणी कारभारीही नव्हता. होती ती फक्त तळाची रीत. आलेल्यानं तीन दगड मांडून चूल पेटवायची. त्या चुलीपासून चहूबाजूंनी बारा पावलं जागा त्या बिऱ्हाडाची. तिथं विचारल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही, मग तो राजा असो की भिकारी. अशी ही साधी रीत. तोडायची म्हटली तर कुणालाही सहज तोडता आली असती, पण कित्येक वर्षांत कुणाला तशी बुद्धी झाली नव्हती.

एकदा त्या तळावर ठकूबाई नावाची एक धनगरीण उतरली. तिचा लेक मोठा कळप घेऊन पुढं गेला होता. गाभण मेंढ्या हळू चालतात, म्हणून तसल्या बारा मेंढ्या तिच्याकडे होत्या. त्यांतली एक होती काजळी. ठकूबाईच्या लग्नात तिच्या आईनं एक मेंढी आंदण दिली होती, तिच्या वंशातली ही शेवटची. गेली दोन वर्षं काजळीचं पिल्लू जगलं नव्हतं. यंदाही जगलं नाही, तर आईची आठवण म्हणून ठकूबाईपाशी काही उरणार नव्हतं. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. मात्र चालताना दर दहा पावलांनी मागं वळून काजळीकडे बघत असे.

त्या दिवशी सकाळीच काजळी करंजाच्या झाडाखाली थांबली आणि पुढच्या पायानं माती उकरू लागली. ठकूबाईनं ओळखलं, आज ही विणार. मेंढीनं एकदा जागा उकरली की ती तिथंच विते. ठकूबाईनं शेजारीच तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि घोंगडी पांघरून बसून राहिली.

तिसऱ्या प्रहरी तळावर एकच धुरळा उडाला. त्रिंबकशेट आपल्या लेकाचं वऱ्हाड घेऊन आला होता. पाठीवर ओझी वाहणारे चाळीस पाठाळ बैल, सहा तंबू, सनई आणि ढोल, आचारी, शिवाय मानपानाला सोकावलेले पाहुणे! लग्न परवा सकाळी घाटावरच्या गावात होतं. शेटनं तळावर नजर फिरवली. सगळ्यांत चांगली सावली करंजाखाली होती आणि तिथं एक म्हातारी बसलेली होती. शेटला याचं फार नवल वाटलं. चांगली जागा आपल्याआधी दुसऱ्या कुणाला मिळू शकते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हातारे, तुझं बिऱ्हाड तिकडं ओढ्यापलीकडे ने," तो म्हणाला. "इथं वऱ्हाड उतरायचंय."

"न्हाई न्यायची," ठकूबाई म्हणाली.

शेटला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं. त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं.

"ऐकलं की मगाशीच. माझी मेंढी हितं विणार हाय. तिनं जागा उकरलीया. आता हलवली तर पिल्लू पोटातच ऱ्हाईल."

पाहुणे हसले. शेटही हसला. "मेंढीसाठी वऱ्हाड उन्हात बसवू काय? माझ्या लेकाचा मुहूर्त आहे!"

"तुमच्या लेकाच्या मुहूर्ताला परवापत्तोर सवड हाय, शेट. हिचं दिस आजच भरल्यात."

"ही जमीन तुझ्या बापाची आहे का?"

"न्हाई. तुमच्या बी बापाची न्हाई," ठकूबाई म्हणाली. "जमीन राजाची. पर चूल माझी हाय, आन् चुलीभवतीची बारा पावलं आजच्या दिसापुरती माझी हाईत."

इतक्या लोकांसमोर असं उत्तर ऐकायची शेटला सवय नव्हती. पण लग्नाच्या वाटेवर म्हातारीला ओढून काढणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यानं एक शहाणपणा केला. तो आपल्या माणसांना म्हणाला, "म्हातारीला हात लावू नका. बसू दे तिला. आपण तिच्याभोवतीनं तंबू ठोकू."

आणि खरंच तसे तंबू ठोकले! एक उजवीकडे, एक डावीकडे, दोन पाठीमागं. दोऱ्या काजळीच्या डोक्यावरून गेल्या. खुंट्या चुलीपासून चार पावलांच्या आत आल्या. एका खुंटीच्या आड चुलीचा दगड येत होता. तो शेटनं आपल्या जोड्याच्या टोकानं बाजूला सारला. चूल तिरकी झाली आणि वरचा भाकरीचा तवा घरंगळला. शेट मात्र खुशीत होता. आपण म्हातारीला उठवलं नाही, म्हणजे आपण केवढा मोठेपणा केला, असं तो पाहुण्यांना सांगत होता.

तळावर आणखी पाचसहा बिऱ्हाडं होती. कुणी मीठ नेणारे होते, कुणी घोंगड्या विकणारे. सखोबा कुंभार आणि त्याची बायको भागी मडक्यांची गाढवं घेऊन आली होती. सगळ्यांनी दगड सारलेला पाहिला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ठकूबाईनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला मनातून फार वाईट वाटलं. शेटचा तिला राग आला होता, पण या माणसांचं तिला दुःख झालं. तिनं तवा उचलला, दोन दगडांवर कसाबसा टेकवला आणि काजळीपाशी जाऊन बसली.

उन्हं कलल्यावर काजळीला कळा सुरू झाल्या आणि दिवेलागणीला ती व्यायली. नेमक्या त्याच वेळी पाहुण्यांना करमेनासं झालं, म्हणून शेटनं वाजंत्र्यांना खूण केली. ढोल कडाडला. पिल्लू तेव्हा नुकतंच जमिनीवर पडलं होतं. काजळीनं त्याला हुंगलंही नव्हतं. ती दचकून उठली, दोऱ्यांना धडकली, एक खुंटी उपटून ओढ्याकडे पळाली आणि तिथल्या खडकावर उभी राहून ओरडू लागली.

ओलं पिल्लू मातीत थरथरत पडलं होतं. ठकूबाईचा हात पुढं झाला आणि तिनं तो स्वतःच मागं घेतला. आईनं चाटायच्या आधी माणसाचा वास लागला, तर बुजलेली मेंढी पिल्लाला ओळखत नाही. मग ते उपाशी मरतं. मागच्या साली असंच झालं होतं. काजळीला स्वतःच्या पायांनी परत यायला हवं होतं, तेही पिल्लू गार पडायच्या आत. पण ती येणार कुठून? चारी बाजूंना तंबू होते, माणसं होती आणि ढोल होता.

ठकूबाई शेटपुढं जाऊन उभी राहिली. "ढोल थांबवा. तंबू मागं घ्या. पिल्लू मरंल माझं."

"माझ्या लेकाच्या लग्नात काय वाजवायचं, ते आता तुला विचारू?" शेट म्हणाला.

ठकूबाई मागं वळली. ती माघारी आली, तिनं पाण्याची घागर उचलली आणि आपल्याच पेटत्या चुलीवर ओतली. चुलीतून वाफेचा लोट उठला.

तळाच्या रितीत याला एकच अर्थ होता. कुणाची बारा पावलं मोडली आणि दाद मिळाली नाही, तर त्यानं आपली चूल स्वतःच्या हातानं विझवायची. ज्यांना ते पटेल, त्यांनीही आपापली चूल विझवायची. मग मोडणाऱ्यानं जागा भरून देईपर्यंत तळावर कुणी शिजवायचं नाही आणि घाटात त्याच्या जनावराला चढायला कुणी हात लावायचा नाही. गेल्या वीस वर्षांत कुणी असं केलं नव्हतं. तरण्या माणसांनी तर ते नुसतं ऐकलेलं होतं.

भागी कुंभारणीनं ती वाफ पाहिली. तिच्या चुलीवर पिठलं रटरटत होतं. तिनं घागरीला हात घातला.

"गप बस," सखोबा दबक्या आवाजात म्हणाला. "मोठी माणसं हाईत ती. आपुन मडकी इकणारं."

"मडकी इकणारं हाय म्हनूनच," भागी म्हणाली. "उद्या त्याचा बैल माझ्या मडक्यांवरनं गेला, तर कुनाच्या तोंडाकडं बघू?"

तिनं घागर ओतली. मग मीठवाल्यांची चूल विझली. मग घोंगडीवाल्यांची. अंधार पडता पडता तळावर एकच जाळ उरला, तो शेटच्या आचाऱ्यांच्या हंड्याखाली. आणि तिथं शेटच्याच बैलांचा नाईक, म्हातारा धावजी, पाण्याची बादली घेऊन आला. त्यानं तो जाळही विझवला.

शेट धावत आला. "धावजी! वेड लागलंय तुला?"

"न्हाई शेट," धावजी म्हणाला. "उद्या घाटातली उभी खांड चढायचीया. एकेका बैलाला फुडनं दोन आन् मागनं चार हात लागत्यात. आजवर ह्याच लोकांचे हात लागलं, म्हनून आपुन वर गेलो. उद्या कुनीच हात लावनार न्हाई. परवाच्या मुहूर्ताला तुमी हितंच बसून असाल."

शेटनं आजूबाजूला पाहिलं. वाजंत्र्यांनी ढोल कधीच खाली ठेवला होता. विझलेल्या चुलींपाशी माणसं उभी होती आणि आता कुणाचीही मान खाली नव्हती. ती सगळी माणसं त्याच्याकडेच बघत होती.

तो ठकूबाईपाशी गेला. "हे बघ, पिल्लू मेलं तर मी तुला दहा मेंढ्या देईन. चांगल्या निवडून देईन. मिटव आता."

"मला दहा मेंढ्या नकोत," ठकूबाई म्हणाली. "मला माझी बारा पावलं पायजेत. ज्येनं दगड हलवला त्येनंच तो ठेवायचा. आन् बिगीनं, पिल्लू गार पडतंय."

 पाहुणे बघत होते, हे शेटला फार लागत होतं. पण त्याच्या पायाशी ते पिल्लू मान उचलायला बघत होतं आणि मान पुन्हा मातीत पडत होती. शेट खाली वाकला. त्यानं तो दगड दोन्ही हातांनी उचलला आणि होता तिथं ठेवला. मग त्यानं पहिली खुंटी स्वतः उपटली. ते पाहून त्याची माणसं धावली. तंबू उतरले, दोऱ्या गुंडाळल्या, वऱ्हाड मागं सरलं. ठकूबाईनं आपली बारा पावलं चारी बाजूंनी चालून दाखवली. एक पाऊलही जास्त घेतलं नाही.

मग ती स्वतःसुद्धा दूर झाली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. अख्खा तळ गप्प बसला. शेट बाराव्या पावलावर हातात दोरीचं भेंडोळं घेऊन उभा होता. ते खाली ठेवलं तर आवाज होईल, म्हणून त्यानं ते तसंच धरून ठेवलं.

पिल्लू एकदा बारीकसं ओरडलं. खडकावर काजळीनं कान टवकारले. ती दोन पावलं आली आणि थांबली. चार पावलं आली आणि पुन्हा थांबली. मोकळ्या जागेच्या कडेला येऊन तिनं हवा हुंगली. मग मान खाली घालून ती थेट करंजाखाली आली. तिनं पिल्लाला हुंगलं, घशातल्या घशात हुंकार दिला आणि चाटायला सुरुवात केली. थोड्या वेळानं पिल्लू धडपडत उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेला लागलं. ठकूबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडत होती आणि ते तिनं कुणापासून लपवलं नाही.

रितीप्रमाणं तळावरची पहिली चूल आता तिनंच पेटवायची होती. तिनं ती पेटवली. भागी आली आणि तिनं आपल्या चुलीसाठी विस्तव मागितला. ठकूबाईनं तिला आत बोलावून दिला. एकेक करून सगळी बिऱ्हाडं विस्तव घेऊन गेली. सगळ्यांत शेवटी त्रिंबकशेट आला. हातात खापर होतं. वऱ्हाड उपाशी होतं आणि आचाऱ्यांचा जाळ थंडगार पडला होता. घाईघाईनं त्यानं पाऊल उचललं.

"शेट!" ठकूबाई म्हणाली.

शेटचा पाय जागच्या जागी थांबला. त्यानं तो हळूच मागं घेतला. मग बाराव्या पावलाबाहेर उभा राहून तो म्हणाला, "ठकूबाई, आत येऊ का?"

"नगा येऊ," ठकूबाई म्हणाली. "तुमाला बघून मेंढी बुजंल. थांबा तितंच, म्याच आणून देते."

तिनं चिमट्यानं चांगले फुललेले चार निखारे उचलले, बारा पावलं चालत गेली आणि त्याच्या खापरात ठेवले. दुसऱ्या दिवशी खांडीत शेटच्या बैलांना सगळ्यांचे हात लागले. ठकूबाई मात्र तिथं नव्हती. ती करंजाखालीच राहिली होती, कारण पिल्लाला चालायला अजून दोन दिवस लागणार होते.

तात्पर्य: दुसऱ्याच्या चुलीभोवतीची जागा मोकळी दिसली तरी ती त्याची असते, तिथं विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि आपल्या किंवा शेजाऱ्याच्या जागेत कुणी बळानं शिरला, तर तो कितीही मोठा असो, मान खाली घालून बसू नये.