कीर्तनांच्या फोल्डरचं कुलूप

"मग फोल्डरला कुलूप घालू ना, बुवा? एकदाचं हो म्हणा!"

सुधन्वानं जेवता जेवताच विचारलं. कंपन्यांची नेटवर्क बांधणारा गडी. दर शनिवारी नारोबुवांकडे कीर्तन शिकायला येई. आणि शिकण्यापेक्षा शिकवायचीच हौस दांडगी!

बुवांच्या घरातले तिन्ही कॉम्प्युटर त्यानंच एकमेकांना जोडले होते. बुवांच्या गुरूंची जुनी कीर्तनं एका फोल्डरमध्ये. कुठल्याही खोलीतून उघडा आणि ऐका. पासवर्डबिसवर्ड काही नाही. "घरचीच तर माणसं," म्हणाला होता.

तिथंच घोळ झाला. बुवांची सून इंदू. तिनं भाबडेपणानं एका कीर्तनातला गुरूंचा खोकला कापून टाकला आणि तसंच सेव्ह केलं. दुसरी प्रत नव्हती. गुरूंना खोकला आला की मागे टाळ धरून उभे असलेले तरुण बुवा पद उचलून धरायचे. दोघांचा एकत्र आवाज रेकॉर्ड झालेला काय तो तेवढाच... तोही खोकल्याबरोबर गेला.

बुवा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. इंदू मात्र तेव्हापासून कॉम्प्युटरजवळ फिरकली नव्हती. फार लागलं होतं तिच्या मनाला.

"कुलूप घातल्यावर ऐकणार कोण?" बुवांनी विचारलं.

"मी. म्हणजे... पासवर्ड माझ्याकडे राहील."

"अस्सं."

बुवांनी भात कालवलेला उजवा हात सरळ आमटीच्या पातेल्यात घालायला नेला.

सुधन्वानं त्यांचं मनगटच धरलं. "अहो बुवा, हात उष्टा आहे!"

"मी घरचाच की रे."

"असाल! पण आमटी सगळ्यांची आहे."

"बरं. मग पातेलं कपाटात ठेव आणि लाव कुलूप."

"कुलूप कशाला? तुम्ही मागा ना, मी वाढतो..."

वाढायला उचललेली पळी सुधन्वाच्या डाव्या हातात तशीच राहिली.

पठ्ठ्या तसाच उठला, हात धुतला आणि कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. ऐकावं सगळ्यांनी, बदलता कुणालाच येऊ नये. उरलेल्या कीर्तनांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली.

"झालं!" तो परत येऊन म्हणाला. "आता एकाच माणसाकडे अधिकार ठेवायचा. नवी कीर्तनं भरायची, प्रती सांभाळायच्या. माझंच नाव घालतो."

बुवा ताक पीत होते.

"इंदूचं घाल."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"वहिनींचं? अहो, त्यांच्याच हातून तर गेलं!"

"हो ना..." बुवांनी वाटी खाली ठेवली. "तुझ्या हातून गेलंय का कधी असं काही?"