केसर माहेरी पोचली का?

“तूच म्हणालीस, पुस्तक आणा. आणलं.”

“तिसरा भाग आणलात. पहिला कुठंय?”

“तो जाड होता.”

हे भांडण चार घरं ओलांडून ऐकू येत होतं, पण शेंडगेवाडीत कुणी मान वर केली नाही. कारण या वाडीत येसबा नावाचा एक भोळा गृहस्थ नांदत होता. सांगावं तस्संच तो करी. अडचण तेवढीच होती.

त्याची बायको सोजर. लहानपणी शाळेत गुरुजी एक जुनी, तीन भागांची कादंबरी वाचून दाखवायचे. सासरच्या घरातून पळालेली केसर नदीपर्यंत आली आणि सोजरला चौथीतून काढून खुरपणीला लावलं. पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून तिनं अक्षर टिकवलं, पण केसर माहेरी पोचली का, हे तीस वर्षं कळलं नाही. आता त्याच कादंबरीवर सिनेमा निघाला होता. पंधरा दिवसांत तालुक्याच्या टॉकीजला लागणार होता. दुसऱ्या कुणी दाखवायच्या आत तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. ग्रंथालय मात्र दुपारीच उघडं, आणि दुपारी ती रानात. म्हणून येसबा.

“अहो, एक संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नसतो. समजलं?”

“समजलं.”

बाजारच्या दिवशी तिनं मीठ, मिरच्या आणि पहिला भाग सांगितला. येसबा मीठ घेऊन आला आणि ओट्यावर बसला.

“मिरच्या? पुस्तक?”

“मीठ संपू दे की.”

सोजरनं कपाळाला हात लावला. “बाहेर गेलं की सगळं एकदम आणायचं असतं. एका पिशवीत. समजलं?”

“समजलं.”

दुसऱ्या दिवशी पहिला भाग आला, सुकटीत लोळून. सोजरनं नाकाला पदर लावून तो वाचला. केसरच्या लग्नाच्या पानावर मांजर चार वेळा येऊन बसलं.

“पुस्तक असेल तिथं खाण्याचं काही ठेवू नये. समजलं?”

“समजलं.”

दुसरा भाग आला तो स्वच्छ, कोरा करकरीत. सोजर खूश झाली आणि भाकरी करायला उठली. घरात पीठ नाही, गूळ नाही, तेलाचा थेंब नाही. सगळं येसबानं शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. म्हशीनं गूळ संपवला आणि पीठ अंगाला माखून घेतलं. दुसरा भाग सोजरनं पाण्यावर वाचला.

परत केलेला तिसरा भाग पुन्हा घेऊन येसबा दारातूनच म्हणाला, “ग्रंथपाल सांगत होते, ती केसर शेवटी...”

सोजरनं पिठाचा हात त्याच्या तोंडावर दाबला. “शेवट कुणी कुणाला सांगायचा नसतो. कुणी सांगायला लागलं तर जागच्या जागी बंद करायचं. समजलं?”

“म्म,” येसबा म्हणाला.

सिनेमा लागायचा शुक्रवार उजाडला तेव्हा एकच प्रकरण उरलं होतं. दुपारच्या खेळाला अख्खी वाडी टेम्पोत बसली. मागं राहावं, तर संध्याकाळी हीच माणसं दारात येऊन शेवट सांगणार. सोजरनं पुस्तक पिशवीत घातलं. शेवट जवळ आला की बाहेर जाऊन वाचायचं, असा तिचा बेत होता.

पडद्यावर केसरनं नदीत पाय घातला. सोजर उठणार, तेवढ्यात शेजारची येसबाची खुर्ची रिकामी दिसली. मग पडदा काळा झाला.

येसबानं वरच्या खोलीत जाऊन सिनेमाच्या यंत्राच्या सगळ्या वायरी मुळासकट उपटल्या होत्या.

टॉकीजचा मालक म्हणाला, यंत्र उद्याशिवाय चालत नाही. लोकांनी येसबाला खाली ओढत आणलं. कुणी त्याची गचांडी धरली, कुणी त्याच्या कुळाचा उद्धार केला.

“ते कापड शेवट सांगायला लागलं होतं,” येसबा शांतपणे म्हणाला. “हिनंच बजावलंय, जागच्या जागी बंद करायचं.”

सगळं टॉकीज सोजरकडे वळलं. त्याला शिकवणारी तूच का, टोपीवाला एक म्हातारा गरजला, आता आमचा शेवट कोण देणार?

सोजर पिशवी घेऊन खुर्चीवर चढली आणि म्हणाली, “दिवे लावा आणि खाली बसा, शेवटची बारा पानं माझ्याजवळ आहेत, आणि मधे कुणी नुसतं खोकललं तरी मी परत पहिल्या ओळीपासून सुरू करीन.”