भर दुपारचा कौल

तळ्यात अजून कमळं फुलायची, तेव्हाची गोष्ट. तळ्याचा राखणदार दरवर्षी तळ्यातल्यांच्या कौलानं ठरे. एकदा ते पद बगळेरावांनी पटकावलं आणि फर्मान काढलं, "यापुढे कौल भर दुपारी, काठावरच्या तापल्या खडकावर. यायला कुणालाही मनाई नाही हं!"

"कातडी कोण भाजून घेणार?" प्रत्येक बेडूक म्हणाला. "माझ्या एकट्यावाचून काय अडतंय?"

बगळेरावांच्या मर्जीतले दोन खेकडे तेवढे कौलाला गेले. बगळेराव पुन्हा निवडून आले, आणि बेडकांची पिल्लं भराभर कमी होऊ लागली.

पुढच्या कौलाला म्हातारी सगुणा बेडकी चिखलात डुंबणाऱ्या म्हशीला म्हणाली, "मावशी, आज अंग न झटकता खडकापर्यंत चल." म्हशीच्या ओल्या पाठीवर बसून झाडून सगळे बेडूक आले.

"असं चालणार नाही! खडकावर उतरा!" बगळेराव कडाडले.

"बरं बाबा," म्हणत म्हशीनं तिथंच अंग झटकलं. खडक गार झाला, बगळेराव काळे झाले. बेडूक टुणटुण उतरले आणि एकच गलका झाला, "बगळा नको!"

"एवढे आहात तुम्ही?" चोचीवरचा चिखल पुसत बगळेराव पुटपुटले.

"आम्हालाही आजच कळलं," सगुणा म्हणाली.