डालग्याखालची जागा

माळाच्या कडेला एका वस्तीवर म्हाकूतात्या नावाचा धनगर राहायचा. त्याच्याकडे शेळ्या बऱ्याच होत्या, पण आठवणी त्याहून जास्त. शेळ्या निदान चरायला तरी बाहेर जायच्या. आठवणी दिवसभर घरातच.

म्हातारी माणसं जुनं सांगायला लागली की त्यांना कोणी अडवत नाही. तिथंच सगळा घोळ होतो.

पण खरं सांगायचं तर ते दिवस अडवू नये असेच होते. दिवाळी सरली की बिऱ्हाड निघायचं. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, वर पाय बांधलेली कोंबडी, आणि बाजूच्या झोळीतून बाहेर डोकावणारी कोवळी करडं. आज या शेतात मुक्काम, उद्या पुढच्या. कळप रात्री रानात बसला की रानाला खत मिळायचं, म्हणून शेतकरी स्वतः बोलवायला यायचे. सकाळी जाग यायची ती चुलीच्या धुरानं. अंगावर घोंगडीची ऊब, पुढ्यात पितळीत गरम दूध, दुधात कुस्करलेली भाकरी. आणि जवळच बांबूच्या मोठ्या डालग्याखाली झाकलेली करडं आयांच्या नावानं एकसारखी ओरडत असायची. तो आवाज ज्यानं लहानपणी ऐकला त्याला दुसरा कुठला भोंगा आवडत नाही.

"आमच्या टायमाला एक करडू मेलं न्हाई," तात्या सांगायचा. "डाक्टर न्हाई, औषध न्हाई. आईच्या हाताला गुण हुता."

पुढे रानं बागायती झाली, कुंपणं पडली, वाटा बंद झाल्या. घर वस्तीवर स्थिरावलं. त्याच वर्षी तात्याची आई गेली. जायच्या आदल्या सकाळी तिनं करडांचं डालगं हिवराच्या झाडाखाली ठेवलं होतं. तात्यानं ते तिथून हलू दिलं नाही.

डालगं कुजलं, नवं आणलं. तेही तिथंच. मग पाऊस लागू नये म्हणून वर पत्रा आला. वारा लागू नये म्हणून बाजूनं पोती आली. ऊन यायचं बंद झालं. आणि रोज संध्याकाळी तात्या आईच्या नावानं तांब्याभर पाणी त्या जागेवर शिंपडायचा. वस्तीवरची माणसं म्हणायची, मुलगा असावा तर असा.

करडं मरायला लागली.

आधी एखादं. मग दर वेताला दोन-तीन. चांगलं उड्या मारणारं करडू एके दिवशी कान पाडून बसायचं. मागचे पाय हगवणीनं भरायचे, कधी त्यात रक्त दिसायचं. केस उभे राहायचे, डोळे आत जायचे, आणि दूध प्यायला उठायची ताकद राहायची नाही. तात्या मीठ-मोहऱ्या उतरायचा. कधी म्हणायचा दृष्ट लागली. कधी म्हणायचा शेजाऱ्याची करणी. जास्त करून म्हणायचा, सुनेच्या हाताला गुण नाही.

सून म्हणजे वैजंता. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, त्यामुळे शेरडं तिच्याच गळ्यात. मेलेली करडं पुरायला तीच जायची आणि येऊन बोलणीही तीच खायची.

त्या वर्षी तांबडी शेळी व्याली आणि तिला पाट झाली, म्हणजे मादी करडू. लाल कान, तोंडावर काळा ठिपका. तात्यानं तिचं नाव ठेवलं गुंज. तांबडी ही आईच्या शेळीच्या वंशातली शेवटची. आता म्हातारी झालेली, पुन्हा गाभण राहायची आशा नव्हती. म्हणजे गुंज जगली तर आईचा वंश गोठ्यात राहणार, नाहीतर संपला.

तात्यानं गुंजीला हातानं उचललं आणि सगळ्यात आधी डालग्याखाली ठेवलं. आईच्या जागेवर.

गुंजीला हगवण लागली तेव्हा वैजंतानं सासऱ्याला विचारलं नाही. लेंडी पिशवीत घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरनं तपासून सांगितलं, "पोटात परजीवी झालेत, आतड्यात. डोळ्याला दिसत नाहीत एवढे बारीक. औषध देतो, ते लागू पडेल. पण जागा बदला. त्यांची अंडी लेंडीतून खाली पडतात, ओल मिळाली की दोन-चार दिवसांत पिकतात. करडं जमीन चाटतात, आचळाला लागलेली घाण चोखतात, की परत पोटात. कोरडी, उन्हाची जागा द्या."

वैजंतानं घरी येऊन सांगितलं.

"जागा?" तात्या उसळला. "आईची जागा? कालचं पोरगं ते डाक्टर, त्यानं कळप वळलाय का कधी? शेकड्यानं करडं जगलीत हितं!"

"हितं कुठं, मामा? तवा तर तुमी फिरतीवर हुता."

"तोंड वर करून बोलू नगंस."

विषय संपला. म्हाताऱ्यांचे विषय असेच संपतात.

औषधानं गुंज उठली. तात्यानं तिला लगेच परत डालग्याखाली ठेवलं आणि त्या संध्याकाळी पाणी जरा जास्तच शिंपडलं, आईनं वाचवलं म्हणून. आठ-पंधरा दिवसांत गुंज पुन्हा पडली. या वेळी मान धरता येईना.

त्याच सुमाराला तात्याची थोरली बहीण ठकूआक्का माहेरी आली. पाठीत वाकलेली, पण जीभ सरळ. अंगणात पाय ठेवते न ठेवते तोच, पायावर पाणी घालायला तांब्या घेऊन आलेल्या तात्यानं सुरुवात केली, "आक्का, काय दिवस हुते गं! सकाळी उठावं, तर दूध पुढ्यात..."

"तुझ्या पुढ्यात," आक्का म्हणाली. "ते काढत कोण हुतं?"

तात्या हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

मग आक्काला वास आला. ती पोती बाजूला करून वाकली. आत काळी, ओली, तुडवून गुळगुळीत झालेली जमीन. कोपऱ्यात गुंज, माशा बसलेल्या. आक्कानं पदर नाकाला लावला.

"हे डालगं कवापासनं हितं हाय?"

"आईनं ठेवलं तवापासनं," तात्या अभिमानानं म्हणाला. "एक दिस हलवलं न्हाई."



"म्हाकू, आई रोज डालगं हलवायची. रोज. पाऊस असू दे, थंडी असू दे. कालच्या जागेवर आज करडू ठेवायची न्हाई. एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. पोटुशी असली तरी उचलायची. डालगं सरकवलं की मागची जागा झाडून उन्हाला उघडी टाकायची. तुला कसं म्हाईत असणार? तू घोंगडीत हुतास."

"पर... आईनं शेवटी हितंच..."

"शेवटी हितं ठेवलं, आन् दुसऱ्या दिशी ती उठलीच न्हाई रं. म्हणून ऱ्हायलं हितं. उठली असती तर हलवलं असतं."



"करडं पण मेली बरं का त्या टायमाला," आक्का पुढं म्हणाली. तिला थांबायचं नव्हतं. "आई मागं राहून पुरून यायची. तुला सांगायची न्हाई, तू रडायचास म्हणून. तू मोठा झालास, मिशा फुटल्या, तरी तुला कुणी सांगितलं न्हाई. आन् आता तू ह्या पोरीच्या हाताला नावं ठेवतोस?"

वैजंता गुंजीच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी थेंब थेंब सोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

तात्यानं तांब्या खाली ठेवला. पत्रा काढला. पोती ओढून टाकली. मग डालग्याला हात घातला. ते मोठं होतं, आणि बुडाला वर्षानुवर्षांची घाण धरून जड झालेलं. एकट्यानं उचलेना. दोन वेळा कमरेत चमक आली.

"आई रोज दुपारी कंबर धरून का पडायची ते कळलं का?" आक्का म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूनं हात लावायला गेली.

"तू ऱ्हाऊ दे, आक्का. तू लई उचललंस."

त्यानं ते फरफटत उन्हात नेलं, कोरड्या मुरमाडावर. गुंजीला डॉक्टरचं औषध परत सुरू झालं.

गुंज जगली. बाकी सगळी जगली नाहीत. इतक्या वर्षांची घाण एका सकाळी फिटत नाही. पण पुढच्या वेताला वैजंताला पुरायला फारसं जावं लागलं नाही, आणि गुंज वाढली, व्याली, तिची करडं डालग्याखाली ओरडायला लागली.

आता तात्या उजाडायच्या आत उठतो. सून एका बाजूनं, तो एका बाजूनं. हिवराखाली आता पाणी कोणी शिंपडत नाही. तिथं ऊन पडतं.

जुनं सांगायची खोड मात्र गेली नाही. संध्याकाळी कोणी येऊन बसलं की तो सुरू करतो. फक्त सुरुवात बदलली आहे. पूर्वी म्हणायचा, "सकाळी उठावं, तर दूध पुढ्यात." आता म्हणतो, "आमी झोपल्याली असायचो, तवा आई उठायची."

सत्तरी उलटल्यावर का होईना, म्हातारा खरं बोलायला लागला.

तात्पर्य: जुने दिवस सोन्याचे होते असं सांगणाऱ्यानं आधी सांगावं, त्या दिवसांत पहाटे कोण उठत होतं. गेलेल्यांची जागा पुजून काही जगत नाही. त्यांचं काम उचलावं लागतं.