तालमीची झिजलेली चौकट

तुमच्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ती कान देऊन ऐकावी, आणि मोठ्यांनी आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकावी.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावापुढे शेतं, गावामागे खिंड आणि खिंडीपलीकडे दाट रान. गावात माणसांपेक्षा मेंढरं जास्त. सुगी सरून थंडी पडू लागली की रानातले लांडगे भुकेने खिंडीत उतरत. म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. दर घराने खिंडीच्या पहाऱ्याला एक माणूस द्यायचा. ज्याला लाठी येते त्यालाच पहाऱ्यावर उभं करत, आणि लाठी शिकवत ती फक्त तालमीत. हातात धरणारा पोरगा आहे की पोरगी, हे त्या गावातली लाठी विचारत नसे.

तालमीचीही आपली रीत होती. नागपंचमीपासून सात दिवस नव्या पोरांना दार उघडं. आठव्या दिवसापासून नव्यांना आत घेत नसत, ते थेट पुढच्या नागपंचमीपर्यंत. आणि त्या सात दिवसांत आतून कुणी कुणाला बोलवायचं नाही. ज्याला यायचं त्याने आपल्या पायांनी यायचं.

सगुणा तेव्हा चौदा वर्षांची होती. घरात ती आणि तिचे बाबा, दोघंच. बाबांनी उभी हयात खिंडीच्या पहाऱ्यात काढली होती. गेल्या थंडीत लांडग्यामागे धावताना ते दरडीवरून घसरले आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा आखडला. आता पहाऱ्याला जाणार कोण? सगुणा लाठी शिकली तर सगुणा. नाही शिकली तर तो आखडलेला गुडघा घेऊन बाबा. तिसरं माणूस घरात नव्हतं, आणि गावाची रीत कुणासाठी बदलत नव्हती.

नागपंचमीला बाबांनी आपली लाठी तेल लावून तिच्या हातात दिली. तालमीपर्यंतची वाट सगुणा मोठ्या तोऱ्यात चालली. दारात मात्र तिचे पाय थांबले.

तालमीचं दार ठेंगणं होतं. वाकल्याशिवाय आत शिरता येत नसे, आणि वाकलं की आत काय चाललंय ते दिसत नसे. खरी मेख तिथेच होती. आत तांबड्या मातीत लाठ्यांवर लाठ्या खाडखाड आपटत होत्या. आपण मान वाकवून आत शिरलो आणि त्याच क्षणी एखादी लाठी मानेवर बसली तर?

त्यातून आत खंडू होता. सगुणापेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण अंगाने रेडा. त्याने लाठी फिरवली की हवा भणभणायची. समोरच्याच्या हातातली लाठी उडून भिंतीवर आदळायची. त्या दर आवाजाला सगुणा दचके. डाव्या हाताने चौकट घट्ट धरून ती उभी राहिली, आणि तशीच उभ्या उभ्या परत फिरली.

"काय शिकीवलं आज?" बाबांनी विचारलं.

"पवित्रा," सगुणा म्हणाली. दारातून पाहिलेला पवित्रा तिने अंगणात करूनही दाखवला. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, एवढी अक्कल चौदाव्या वर्षी सगळ्यांनाच असते.

"बरा जमलाय," बाबा म्हणाले, आणि तिच्या पायांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तेच. आज पाऊल टाकायचंच, असं ती रोज वाटेवर ठरवी, आणि दाराशी आल्यावर तिचा हात आपोआप चौकटीकडे जाई. आतले लोक तिच्याकडे बघत आणि काहीच न बोलता आपल्या कामाला लागत. कुणी हसलं असतं तरी बरं झालं असतं, निदान रागाच्या भरात ती आत गेली असती. चौथ्या दिवशी सोबतची दोन नवी पोरं तिच्या काखेखालून वाकून आत शिरली. ती तिथेच राहिली. रात्री डोळा लागला की तिला ते ठेंगणं दार दिसे, रोज थोडं आणखी ठेंगणं.

सहाव्या दिवशी ती जरा लवकर परतली. खुंटीवर बाबांची पहाऱ्याची घोंगडी होती. "तुज्या उंचीला आखूड करून शिवतो," असं ते नागपंचमीच्या आदल्या दिवशी म्हणाले होते. घोंगडी अजून होती तेवढीच लांब होती.

घरामागून घसटल्याचा आवाज आला. तिने कोपऱ्याआडून पाहिलं. बाबा कुंपणाचा बांबू घेऊन पवित्र्यात उभे राहू बघत होते. आखडलेला पाय पुढे टाकला की तोल जाई. एकदा ते भिंतीवर आपटले. दुसऱ्यांदा सरळ तोंडावर पडले. तोंडातली माती थुंकून ते मुकाट्याने उठले आणि पुन्हा बांबू उचलला.

सगुणाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. तालमीची तांबडी माती एकदा लागली की दोन-दोन दिवस निघत नसे, हे गावातलं शेंबडं पोरही जाणून होतं. तिचे पाय सहा दिवस स्वच्छ होते. बाबांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते ओरडले नव्हते, रागावले नव्हते. गुपचूप स्वतःच खिंडीत जायच्या तयारीला लागले होते. सगुणाला इतकी लाज वाटली की रडूसुद्धा आलं नाही.

सातव्या दिवशी ती सकाळपासून दारात उभी होती. लाज पोटात होती, पण भीती तिच्याही खाली तळ ठोकून बसली होती. तुम्हाला वाटेल, लाजेने भीती पळाली असेल. भीती इतक्या सहज पळत नाही. दुपार कलली. उन्हं भिंतीवरून खाली उतरली. पोरं एकेक करून लाठ्या पुसू लागली. आता तालमीचे वस्ताद दार लोटतील, आणि मग बाबा त्या दरडीवर...

हात इतका घट्ट आवळला गेला की बोटं दुखू लागली. तेव्हा सात दिवसांत पहिल्यांदाच तिचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. चौकट सगळीकडे खरबरीत होती. फक्त तिच्या हाताखाली ती गुळगुळीत होती आणि चांगली बोटभर खोल झिजली होती. त्या खोबणीत तिची चार बोटं नेमकी बसली होती.

"वस्ताद," ती दारातूनच म्हणाली. सात दिवसांत त्या दारात तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द. "ह्या लाकडाला काय झालंय? कीड लागलीय?"

वस्ताद म्हातारे होते. हातातलं फडकं खांद्यावर टाकून ते दाराशी आले.

"कीड न्हवं पोरी. हातांनी झिजलंय ते."

"कुनाच्या?"

"ज्यानं त्यानं हितंच धरलंय. त्यो खंडू बघ, रेडा. तीन दीस उभा व्हता. घामानं चौकट भिजवली व्हती त्यानं."

खंडूने मान वळवली आणि भलत्याच मन लावून लाठी पुसू लागला.

"आन् तुजा बाप," वस्ताद म्हणाले, "पाच दीस."

"बाबा?" सगुणाला खरं वाटेना. "बाबा भ्यायले व्हते?"

"रडला व्हता की."

सगुणाने हळूच विचारलं, "मग ह्ये भ्या जातं कवा?"

"ते मला नगं इचारू," वस्ताद म्हणाले. "मला ठावं न्हाई." आणि आत परतताना त्यांनी जाता जाता त्या खोबणीला हात लावला, अगदी सवयीने.

ऊन उंबऱ्यावर आलं होतं. सगुणाने चौकटीवरचं एक बोट सोडलं. मग दुसरं. दात एकमेकांवर आपटत होते, आणि तशीच ती वाकली. त्या एका क्षणात तिला मातीखेरीज काही दिसलं नाही. मानेवर लाठी पडण्याची वाट बघतच तिने पाऊल आत टाकलं.

लाठी पडली नाही. माती गार होती.

वस्तादांनी खंडूला खूण केली. खंडूने हलक्या हाताने एक ठोका दिला आणि सगुणा धाडकन खाली आपटली. लागलं. चांगलंच लागलं. पण सात दिवस ती ज्याला घाबरत होती, ते एवढंच होतं. अंधार पडेपर्यंत ती अकरा वेळा पडली आणि अकरा वेळा उठली.

घरी येऊन ती पाय धुवायला वाकली, तर बाबांनी तांब्या बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे. आज नगं धुऊस."

"बाबा, मी खोटं बोलले व्हते."

"ठावं हाय. तुज्या पायांनी सांगितलं मला."

"वस्ताद म्हनले, तुमी पाच दीस दारात व्हता."

बाबा हसले. "सहा. म्हातारा माजी लाज राखतोय." मग त्यांनी खुंटीवरून घोंगडी काढली, तिच्या खांद्याला लावून बघितली, आणि दिव्याजवळ बसून ती आखूड करायला घेतली.

थंडी आली. खिंडीच्या पहाऱ्यावर सगुणाची जोडी लागली ती खंडूशी. एके दिवशी दिवेलागणीला, मेंढरं खाली उतरत असताना, समोरच्या झुडपांत सहा डोळे चमकले. तीन लांडगे. सगळ्यात पुढचा लांडगा दात विचकून गुरगुरला. वस्ताद 'ठावं न्हाई' का म्हणाले ते सगुणाला आता कळलं: भीती कुठेही गेली नव्हती. तिचा डावा हात नकळत बाजूला गेला, चौकट शोधायला.

खिंडीत कुठली चौकट! तिचा हात आदळला तो खंडूच्या हातावर. त्याचाही हात तेच शोधत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हसायची वेळ नव्हती, म्हणून हसले नाहीत. दोघांनी हात मागे घेतले, लाठीवर घट्ट बसवले आणि थरथरतच एक पाऊल पुढे टाकलं. लाठ्या भणभणू लागल्या. पुढचा लांडगा थबकला. दुसरा मागे सरला. मग तिघंही शेपट्या पाडून रानात शिरले.

त्या थंडीत गावाचं एकही मेंढरू गेलं नाही, आणि बाबांना खिंड चढावी लागली नाही.

पुढे कैक वर्षांनी एक नवा सुतार गावात आला. चौकट पार झिजली आहे, फुकट बदलून देतो म्हणाला. तोवर तालमीची वस्ताद सगुणा झाली होती. तिने त्याला गूळपाणी दिलं आणि चौकटीला हात लावू दिला नाही. नागपंचमी चार दिवसांवर आली होती.

म्हणून सांगतात: भीती गेल्यावर पाऊल टाकीन म्हणणारा दारातच राहतो, पाऊल टाकावं ते भीतीसकट.