कुंदा सिस्टरांच्या कानांचे माप

एकदा एक वृद्ध कारागीर एका तालुक्याच्या गावी कानांची मापे घेण्याचे काम करीत असत. हसू नका. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या श्रवणयंत्राला पुढे एक मऊ, पारदर्शक तुकडा असतो, तो कानाच्या पोकळीत नेमका बसावा लागतो. त्याला मोल्ड म्हणतात. दोन माणसांचे कान सारखे नसतात, इतकेच काय, एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. म्हणून मोल्ड ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. बहिऱ्या मुलांच्या शाळेत तीस वर्षे हेच काम करून ते निवृत्त झाले होते, त्यामुळे सगळे त्यांना मास्तर म्हणत.

त्यांच्या हाताखाली वैदेही नावाची एक शिष्या शिकत होती. तिशीची, इंजिनियर झालेली. हाताला अशी सफाई की तिने घेतलेला कानाचा ठसा पाहून मास्तर नुसतेच मान डोलवत. थोडा तोराही होता तिला. असू द्या, चांगले काम करणाऱ्याला एवढा तोरा शोभतो.

या वैदेहीने एक अवघड काम अंगावर घेतले होते. गावातल्या मोठ्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात कुंदा सिस्टर नावाच्या परिचारिका होत्या. एकोणीस वर्षांची नोकरी. एका आजारपणानंतर त्यांचे कान अधू झाले आणि दोन्ही कानांत यंत्रे आली. गंमत अशी की हृदयाचे ठोके, छातीतली घरघर असे खालच्या पट्टीतले आवाज त्यांना यंत्राशिवायही बरे ऐकू येत. माणसांचे बोलणे मात्र यंत्राविना मुळीच नाही. आता स्टेथोस्कोप कानात घालायचा तर यंत्र काढावे लागणार. यंत्र काढले की लेकराची छाती ऐकू येई आणि बाकीचे जग बंद होई.

तीन महिन्यांपूर्वी नको ते घडले. सिस्टर यंत्रे काढून एका बाळाची छाती ऐकत होत्या आणि त्यांच्या पाठीमागच्या खाटेवरच्या मुलाला झटका आला. त्याची आई जिवाच्या आकांताने ओरडत राहिली. सिस्टरांना कळलेच नाही. दुसरी नर्स धावली म्हणून मूल वाचले. त्यानंतर इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितले, "तुम्ही कपड्यांच्या स्टोअरला बदली घ्या. नाहीतर सगळ्यांसमोर मुलं तपासून दाखवा. चूक झाली तर वॉर्ड सोडायचा." मोठे डॉक्टर काही दुष्ट नव्हते. ते घाबरले होते. पण घाबरलेला अधिकारी दुष्टाइतकाच घातक असतो, हे मी माझ्या वयाच्या अधिकाराने सांगतो.

त्या परीक्षेचा दिवस उजाडला. वेळ दुपारी चारची.

वैदेहीने युक्ती चांगली काढली होती. मोल्डला एकाऐवजी दोन वाटा ठेवायच्या. एकीतून श्रवणयंत्राचा आवाज आत यावा, दुसरीत स्टेथोस्कोपचे टोक घट्ट बसावे. काम नसेल तेव्हा दुसऱ्या वाटेला लहानसे बूच. म्हणजे यंत्र काढायलाच नको. मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन आठवडे घरी पडून होते, त्या काळात तिने एकटीने सिस्टरांच्या कानांचे ठसे घेतले आणि मोल्ड घडवले. सकाळी नऊ वाजता सिस्टर ते घालून बघायला आल्या. मास्तरही एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून कोपऱ्यात येऊन बसले.

सिस्टरांनी मोल्ड घातले, स्टेथोस्कोपची टोके बसवली, त्याची चकती वैदेहीच्या छातीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"येतंय गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "स्वच्छ येतंय."

वैदेहीचा चेहरा फुलला. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "सिस्टर, आता वॉर्डात तपासता तसं तपासा बरं."

सिस्टरांनी चकती वैदेहीच्या पाठीला लावली आणि सवयीने म्हणाल्या, "हं, मोठा श्वास घ्या... सोडा..."

कर्कश शिट्टी वाजली. सिस्टर दचकल्या. "गेला! ठोका गेला!" त्या गप्प राहिल्या की आवाज परत येई. तोंड उघडले की पुन्हा शिट्टी, पुन्हा शांतता. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच. कुठेतरी फट पडत होती. तिच्यातून यंत्राचा आवाज बाहेर येऊन शिट्टी घालत होता आणि छातीचे ठोके निसटून जात होते.

वैदेहीच्या तोंडचे पाणी पळाले. आणि मग ती जे बोलली ते तुम्हीआम्हीही बोललो असतो.

"सिस्टर, तुम्ही तपासताना बोलू नका ना! आजच्या दिवस फक्त. गप्प राहून तपासा."

"अहो ताई, गप्प राहून कसं तपासू? लेकरू रडत असतं. त्याला चुचकारत चुचकारतच ऐकावं लागतं. आईला सांगावं लागतं, हात धरा म्हणून. एकोणीस वर्षांत मी एक मूल गप्प बसून तपासलेलं नाही." आणि एवढे बोलून त्यांचा बांध फुटला. "जाऊ द्या. स्टोअरला जाते मी. चादरी मोजायला कान लागत नाहीत."

वैदेहीने घाईघाईने मोल्ड हातात घेतले. "थांबा, इथे घासते. इथे मेणाचा थर देते. होईल, नक्की होईल."

"दे इकडे," मास्तर म्हणाले.

तिने मोल्ड त्यांच्या हातावर ठेवले. मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि एकामागून एक दोन्ही मोल्ड मधोमध कापून टाकले.

"मास्तर!" वैदेही किंचाळलीच. "हे काय केलंत? साडेनऊ वाजलेत! आता काहीच राहिलं नाही आपल्याकडे!"

मास्तरांनी सिस्टरांना खुर्चीवर बसवले, दोन्ही कानांत खोल कापसाचे बोळे सरकवले आणि वैदेहीला म्हणाले, "पेस्ट कालव. माझा डोळा धड नाही, भरायचं तुलाच आहे."

ठशाची पेस्ट पाच मिनिटांत घट्ट होते. तेवढा वेळ माणसाने दगडासारखे बसायचे असते. हलायचे नाही, बोलायचे नाही, थुंकीसुद्धा गिळायची नाही. हा या धंद्याचा पहिला धडा, आणि तो वैदेहीला मास्तरांनीच दिला होता. तिने पिचकारीने दोन्ही कान भरले. सिस्टर गोठल्यासारख्या बसल्या. यंत्रे टेबलावर पडलेली, ऐकू तर काहीच येत नव्हते.

आणि मास्तर त्यांच्यासमोर उकिडवे बसून चक्क लहान मुलासारखे भोकाड पसरू लागले! हात झाडले, डोके वळवले, सिस्टरांचा हात ढकलून दिला. सिस्टर बघतच राहिल्या. मास्तरांनी खुणेने सांगितले, समजवा मला, दटावा, वॉर्डात करता तसं करा.

"अगं बाई, असं काय करताय मास्तर," सिस्टरांच्या तोंडून निघाले.

"हलताहेत त्या! ठसा बिघडतोय!" वैदेही रडकुंडीला आली. मास्तरांनी हात वर करून तिला थोपवले आणि भोकाड आणखी वाढवले. शेवटी सिस्टरांमधली सिस्टर जागी झाली. "ए, गप! हे बघ, इकडे बघ माझ्याकडे. सुई नाही देणार रे राजा. मोठा श्वास घे. शाब्बास! आणखी एक. आई, त्याचे हात धरा जरा. अरे, चावतोस काय मला!" पाच मिनिटे अखंड तोंडपट्टा चालला. वाकल्या, मान वळवली, हसल्यासुद्धा.

ठसे बाहेर आले. वैदेहीने ते आधीच्या ठशांशेजारी ठेवले. तिचे ठसे देखणे, सडपातळ, गुळगुळीत होते. हे नवे जाडसर, कुठे फुगलेले, कुठे सुरकुतलेले. एका कानाचे दोन ठसे आहेत असे कुणी म्हटले नसते.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांना धाप लागली होती.

"पोरी, जबडा हलला की कानाची वाट रुंद होते. तू माप घेतलंस ते गप्प बसलेल्या बाईचं. गप्प बसलेल्या बाईला ते उत्तम बसलं. चूक तुझ्या हाताची नाही, ती माझी आहे. पहिला धडा देऊन मी घरी जाऊन झोपलो. आणि ही चूक मी आधी दहा वर्षं केलेली आहे. शाळेतली पोरं वर्गात बोलायला लागली की त्यांची यंत्रं शिट्ट्या घालायची. आम्ही काय म्हणायचो? गप्प बसा, म्हणजे वाजणार नाही. पोरांना बोलायला शिकवायची शाळा ती, आणि आम्ही त्यांना गप्प करत होतो! एक मुलगी माझ्यासमोर ठसा घेताना चिंच चघळत होती म्हणून मी तिला धपाटा घातला. सगळ्या शाळेत फक्त तिचाच मोल्ड कधी वाजला नाही. तेव्हा मला अक्कल आली."

"पण ते कापलेत कशाला?" वैदेहीने विचारले. आवाजात अजून राग होता.

"नसते कापले तर तू चार वाजेपर्यंत तेच घासत बसली असतीस. इतके देखणे होते ते."

वैदेहीने मान खाली घातली आणि कामाला लागली.

साचा तयार झाला तेव्हा अकरा वाजून गेले होते. सिलिकॉन ओतून गरम पेटीत ठेवले, त्याला दोन तास. दीड वाजता मोल्ड बाहेर काढले, मग त्यांना दोन दोन वाटा पाडायच्या. उजवा साधला. डाव्या मोल्डमध्ये सुई तिरकी शिरली आणि कडेची भिंत कागदासारखी पातळ राहिली. मास्तरांना तर एवढे बारीक दिसतच नव्हते. ते म्हणाले, "सुई मागे घे. श्वास घे. पुन्हा घाल." तिने डोळ्यांतले पाणी बाहीला पुसले आणि पुन्हा सुई धरली. भिंत टिकली.

चारला दहा मिनिटे असताना इस्पितळाच्या जिन्यात सिस्टरांनी मोल्ड चढवले. नीट पारखून बघायलाही वेळ नव्हता.

वॉर्डात मोठे डॉक्टर आणि आणखी दोघे उभे होते. पाच मुले तपासायची, प्रत्येकाच्या छातीत काय ऐकू आले ते सांगायचे आणि डॉक्टरांनी ते पडताळायचे. पहिली तिन्ही मुले जरा मोठी होती, त्यांचे निभावले. चौथी आठ महिन्यांची मुलगी. चकती लागताच तिने आकाशपाताळ एक केले. वैदेही दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिची नजर सिस्टरांच्या जबड्यावर खिळलेली. आता वाजणार, आता शिट्टी वाजणार!

"अगं माझी बाय ती! झालं हं, झालं. कुणी रडवलं माझ्या सोनीला?" सिस्टर पुढून छाती ऐकत होत्या. मोठे डॉक्टर स्वतःचा स्टेथोस्कोप घालून त्याच वेळी पाठीकडून ऐकत होते. सिस्टरांचा तोंडपट्टा चालूच. शिट्टी नाही.

एवढ्यात सिस्टरांच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुलीची आई दबक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, हिला पाजू का जरा? उगी राहील."

"नको बाई, थांबा थोडं. धाप लागलीय हिला, घशात अडकेल," सिस्टर मागे न बघता म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना 'नको' अशी मान हलवताना पाहिले आणि स्टेथोस्कोप कानांतून काढला. "सिस्टर, कोणाशी बोलताय?"

"हिच्या आईशी. पाजू का विचारत होत्या."

"कधी विचारलं?"

"आत्ताच की," आई म्हणाली. "तुमच्यासमोरच तर इचारलं, डॉक्टरसाहेब."

मोठ्या डॉक्टरांनी हातातल्या स्टेथोस्कोपकडे पाहिले. मग आईकडे पाहिले. "मला ऐकू आलं नाही," ते म्हणाले. प्रामाणिक माणूस, म्हणून म्हणाला. मग त्यांनी विचारले, "छातीत काय आहे सिस्टर?"

"उजवीकडे खाली घरघर आहे. डावी बाजू मोकळी."

"बरोबर." त्यांनी हातातला बदलीचा कागद घडी करून खिशात टाकला. "पाचवं मूल ड्युटीवरच तपासा. उद्यापासून नेहमीची पाळी."

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्या रडणाऱ्या मुलीला छातीशी धरून स्वतःही रडल्या.

मास्तर खाली बाकावर बसले होते. वैदेही जिना उतरून आली आणि त्यांच्याशेजारी बसली. तिचा चेहरा पाहून निकाल त्यांना कळला होता, पण त्या चेहऱ्यावर नुसता आनंद नव्हता.

"मास्तर, तुम्ही घरी होता ना, तेव्हा मी आणखी तिघांची मापं घेतलीत. एक बसचे कंडक्टर आहेत. एक शाळेतल्या बाई. एक भाजी विकणाऱ्या आजी. तिघांनाही मी गप्प बसवलं होतं."

"मग? आले का ते तक्रार घेऊन?"

"नाही आले." "मला वाटलं, चांगलं बसलं असेल म्हणून आले नाहीत."

वैदेही उठली, पिशवीतून वही काढली आणि त्या तिघांचे पत्ते शोधू लागली. फोन करून उपयोग नव्हता, तो त्यांना ऐकू आला नसता. ती चालत निघाली.

वाचकहो, तक्रार न करणारी माणसे तुमच्याही ओळखीची असतील. एकदा त्यांच्या घरी जाऊन या.