भागीची उघाडी

फार मागची गोष्ट. एका खाडीच्या काठी एक गाव होतं. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध घातला होता. बांध कुणा एकाचा नव्हता. ज्याला सवड असेल त्यानं यावं, चिखलाची टोपली टाकावी आणि घरी जावं, अशी रीत होती. कुणी कुणाला मजुरी देत नसे.

कामाची वाटणी नारोबातात्या करत. माणूस सज्जन, गावाच्या भल्यासाठी झटणारा. पण त्यांना धीर नव्हता. नवखा कुणी आला आणि त्याची माती नीट बसली नाही, की तात्या त्याची टोपली काढून घेत आणि म्हणत, "राहू दे, भागी करेल." नवखा ओशाळून निघून जाई. पुन्हा येत नसे.

भागी ही विधवा बाई. बांधाच्या पोटात पाणी सोडायचं आणि अडवायचं लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. तिच्या फळ्या कशा बसवायच्या, फटीत पेंढा-चिखल किती ठासायचा, हे एकट्या भागीला ठाऊक होतं. दुसऱ्यांना काम सांगितलं तर दहा सबबी ऐकाव्या लागत. भागी एवढंच म्हणे, "बघते."

बांधाची कीर्ती पसरली. वरच्या अंगाच्या दोन गावांनीही त्याच्या भरवशावर पाणथळ जमिनी लागवडीखाली आणल्या. त्या गावांतून एक टोपली कधी आली नाही, निरोप मात्र येत. एकदा निरोप आला, "पुनवेच्या उधाणाआधी उघाडी नवी झाली पाहिजे."

"होईल," तात्यांनी कळवून टाकलं आणि मग भागीकडे गेले.

"तात्या, शब्द देण्याआधी मला विचारलंत का? हे महिन्याचं काम आहे, हातात दिवस बारा."

"तुझ्याशिवाय कोण करणार, बाई?"

"दोन माणसं द्या. शिकवते त्यांना."

"शिकवण्यात दिवस जातील. एवढं उधाण निघू दे, मग बघू."

भागीनं बारा दिवस कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात उभं राहून काम पुरं केलं. बोटांच्या पेरापेराला भेगा पडल्या, त्यांत चिखल गेला. उधाण निघालं. तात्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि दोन माणसांची गोष्ट विसरून गेले. पुढच्या निरोपाला त्यांनी असाच शब्द दिला. त्याच्या पुढच्यालाही.

एका सकाळी भागी बांधावर आली नाही. डोंगरापलीकडे बहिणीकडे गेली, असं शेजारणीनं सांगितलं.

चार दिवसांवर उधाण होतं आणि उघाडीच्या फळ्या बदलायच्या राहिल्या होत्या. तात्यांनी घरोघरी हाका मारल्या. या वेळी चाळीस माणसं आली. पण कोणती फळी आधी बसते, हे चाळिसातल्या एकालाही सांगता येईना. चौथ्या दिवशी भर दुपारी भरती चढली, उघाडी उखडली आणि तिच्यामागून बांध गेला. उभ्या पिकावर खारं पाणी पसरलं. वरच्या गावांनी निरोप धाडला, "तुमच्या ढिलाईनं आम्ही बुडालो."

तात्या डोंगर ओलांडून भागीकडे गेले. तिला परत बोलवायचं, हात जोडायचे, असं ठरवून गेले होते. भागीनं पाण्याचा तांब्या आणला, तो दोन मनगटांत धरून. तिची बोटं आखडली होती, मिटत नव्हती.

तात्यांनी पुढे होऊन तांब्या घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"बांध गेला ते कळलं," ती म्हणाली. "त्यात माझंही शेत होतं."

"भागी, चुकलो मी."

"हात गेले माझे, तोंड आहे. कुणी शिकायला आलं तर सांगेन."

तात्या गावात परतले आणि भागीकडे शिकायला कोण येतं, असं विचारत दारोदार फिरले. एका गड्यानं टोपल्या-भांडी बैलगाडीत भरता भरता उत्तर दिलं, "आलो होतो तेव्हा टोपली काढून घेतलीत, तात्या. आता या खाऱ्या रानात राहायचं कुणी?"

एकेक करून घरं उठली. भातशेतीचं खाजण झालं, नुसती खारी दलदल. तात्या बांधाच्या ढिगाऱ्यावर एकटेच टोपली टाकत राहिले, आणि प्रत्येक भरती ती टोपली नेत राहिली.

नाही न म्हणणाऱ्याच्या माथी सगळा भार टाकून जो दुसऱ्याला शब्द देतो, तो माणूसही गमावतो आणि कामही.